वजन मात्र चांगलं आहे

माझा वजनकाट्यावर राग आहे. एखाद्या काट्यावर नाही, सगळ्यांवर. आमच्या काशोएइरा गावातल्या औषधाच्या दुकानात एक काटा दारातच उभा असतो. आजही त्याच्या शेजारून जाताना त्याला एक लाथ घालावीशी वाटते. वाल्देलिसचं जे वाटोळं झालं, ते त्या काट्यांच्या साक्षीनं झालं. ती दर खेपेला त्यावर चढायची, तो दर खेपेला सांगायचा, सगळं ठीक आहे, आणि डॉक्टरपासून मावशीपर्यंत सगळे त्याचं ऐकून मोकळे व्हायचे. माणसाला कोणी विचारायचं नाही. काट्याला विचारायचं.

वाल्देलिस म्हणजे पुलाच्या अलीकडे, चौकाच्या कोपऱ्यावर आकाराजे तळणारी. मी इराइल्देस. तिच्या शेजारी खोबऱ्याच्या वड्या विकते. तिच्या मुलीची धर्ममाता मी, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. ती मुलगी आता साओ पावलोला असते आणि सणासुदीला फोन करते. तिच्याबद्दल याहून जास्त बोलत नाही, नाहीतर राग भलतीकडेच वळायचा.

आकाराजे काय, कोणीही करील. चवळी भिजवायची, चोळून तिचं एकूण एक साल काढायचं, वाटायची, कांदा-मीठ घालायचं, ताडाच्या लाल देंदे तेलात तळायची, आणि वडा मधे चिरून त्यात सुकी कोळंबी भरायची. पण वाटणं आणि तळणं यांच्यामध्ये फेटणं असतं, आणि तिथे भल्याभल्या बायका घाम पुसत बसतात. वल्ह्यासारखा लाकडी चमचा घेऊन ते घट्ट पीठ हवा भरून हलकं होईपर्यंत घोटायचं. एकाच हातानं आणि एकाच दमात. मधे थांबलं की पीठ झोपतं, दुसरा हात लागला की बिघडतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून ज्या बाईच्या हातात चमचा, तिची मांडणी, म्हणजे चौकातला ठेला तिचा. बाकीच्या सोलणाऱ्या, वाटणाऱ्या, तळणाऱ्या. त्यांना कोणी विचारत नाही.

वाल्देलिसचा उजवा दंड हे आमच्या चौकातलं एक बघण्यासारखं ठिकाण होतं. पांढऱ्या झालरीच्या बाहीतून तो असा बाहेर यायचा की बाजारातले हमाल कौतुकानं बघत राहायचे. एकदा एका दारुड्यानं माझ्या वड्यांच्या ताटात हात घातला. वाल्देलिसनं डाव्या हातानं त्याची कॉलर धरली आणि त्याला चालवत नदीच्या काठापर्यंत नेऊन सोडलं. उजव्या हातात चमचा तसाच होता. परत आली, बसली, आणि म्हणाली, "कोमाद्रे, दोन वड्या फुकट गेल्या तुझ्या. त्याला बुडवायला हवा होता."

तो चमचा तिला तिच्याच घरी राहणाऱ्या एर्मिनिया मावशीनं दिला होता. मावशीनं त्याच कोपऱ्यावर आयुष्य काढलं. मग तिचा खांदा धरला, पीठ खाली बसायला लागलं, तेव्हा एका सांता बार्बाराच्या दिवशी, सगळ्यांच्या समोर, तिनं चमचा वाल्देलिसच्या मांडीवर ठेवला. आकाराजे हे इयांसांचं, वादळाच्या देवीचं खाणं, आणि सांता बार्बाराचा दिवस तोच इयांसांचा. चमचा हातोहात जातो तो त्याच दिवशी. आणि दिलेला चमचा परत मागायचा नसतो. मावशीनं त्यानंतर त्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही.

तर अशा बाईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. साल्वादोरच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. नगरपालिकेची गाडी पहाटे निघायची. इतर गावातले आजारी लोक, त्यांची उशी, त्यांचं ओकायचं भांडं, आणि ड्रायव्हरचा रेडिओ. रक्तासारखं लाल औषध एका मोठ्या सुईतून जायचं. तिथल्या बायका त्याला नुसतं 'लाल' म्हणतात. "आज लाल आहे," असं एकीनं म्हटलं की बाकीच्या गप्प बसायच्या. वाल्देलिसचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाला चव राहिली नाही. हे सगळं तिला आधी सांगितलं होतं, आणि तिनं ते दात-ओठ खाऊन सोसलं. जे सांगितलं नव्हतं त्याबद्दल मी बोलतेय.

घरी मावशीनं पथ्य लावलं. आमच्याकडे बाळंतीण असो, ऑपरेशन झालेलं माणूस असो, पथ्य ठरलेलं. उठायचं नाही, उचलायचं नाही, डोकं भिजवायचं नाही. आणि बाधेल असं काही खायचं नाही. बाधतं काय? कोळंबी बाधते, खेकडा बाधतो, डुकराचं मांस बाधतं, बदक बाधतं, अंडं बाधतं, अर्धेअधिक मासे बाधतात. थोडक्यात, ज्यानं अंगात बळ येतं ते सगळं बाधतं. उरतं काय? मक्याच्या पिठाची गोड खीर, पाणचट रस्सा आणि पांढरा टोस्ट. मावशी वाईट बाई नाही. तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणानंतर तापानं गेली, आणि त्या आठवड्यात तिनं चोरून खेकडा खाल्ला होता. ताप कशाचा होता कोण जाणे. मावशीनं खेकड्याला खुनी ठरवलं आणि त्या दिवसापासून गावातल्या एकूण एक आजाऱ्यांवर पहारा बसवला.

आणि गल्ली! गल्लीच्या मायेला तर ऊत आला होता. वाल्देलिसनं झाडू उचलला की कोणीतरी धावत येऊन हिसकावून घ्यायची. पाण्याचा तांब्या दुसरीच भरून द्यायची. तिची धाकटी बहीण मारिनाल्वा कपड्याच्या दुकानातली नोकरी सोडून मांडणीवर बसली, चमचा तिनं घेतला, ते गरजेचंच होतं. पण घरात तरी त्या बाईला चार पावलं टाकू द्यायची! नाही. पलंग, उशी, खीर. पुन्हा पलंग.

आणि वजन वाढलं. गाल गुबगुबीत झाले, पोट सुटलं. ओकारी थांबवायच्या गोळ्यांनी अंगात पाणीही धरलं होतं. मग कौतुक सुरू झालं.

"अगं बाई, किती छान दिसतेस! आजारी आहेस म्हणून कोणी ओळखायचं पण नाही!"

"हो ना," वाल्देलिस म्हणायची, "मलासुद्धा आरशात ओळख पटत नाही."

एका खेपेला तिच्यासोबत मी गेले. जिन्यावर ती कठड्याला धरून स्वतःला वर ओढत होती. डॉक्टरांसमोर बसल्यावर ती म्हणाली, "पाय उचलत नाहीत हो डॉक्टर. संडासातून उठायला भिंत धरावी लागते."

डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं आणि मानानं 'दोना' लावून म्हणाले, "थकवा येणारच, दोना वाल्देलिस. वजन मात्र चांगलं आहे. उलट थोडं वाढलंय. विश्रांती घ्या."

"पण कापलं तर डाव्या बाजूला. मग उजव्या हातातून कप का पडतो?"

"थकवाच तो."

"कप थकला असेल," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. बाहेर बाकावर पन्नासेक बायका बसल्या होत्या, त्यांना तरी कुठे वेळ होता? गाठ त्यांनीच घालवली, वाल्देलिस आज आहे ती त्यांच्यामुळे, हे मी नाकारत नाही. पण एक बाई सांगतेय की माझा धडधाकट हात चालत नाही, तर एकदा तो हात हातात घेऊन बघायला काय लागतं? त्यांनी काट्याला विचारलं. काटा म्हणाला ठीक आहे.

शेवटचं औषध झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि थोड्याच दिवसांनी वाल्देलिसनं हात धुतले, डोक्याला पांढरं फडकं बांधलं आणि अंगणात पिठाच्या भांड्यासमोर बसली. मारिनाल्वानं चमचा दिला. वाल्देलिसनं घोटायला सुरुवात केली. दोन-चार फेरे बरे झाले. मग चमचा मंदावला. तिचा श्वास लागला, ओठ पांढरे पडले, आणि मग मी जे बघितलं ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. चमचा पिठात उभाच राहिला आणि तिची बोटं आपोआप उघडली. तिनं सोडला नाही. बोटंच उघडली.

मारिनाल्वानं हळूच चमचा घेतला आणि उरलेलं पीठ फेटलं. मावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरी, देवीनं जीव दिलाय, तेवढ्यावर समाधान मान. सांता बार्बाराला चमचा मारिनाल्वाच्या मांडीवर ठेव. मीसुद्धा ठेवलाच होता की."

दारुड्याची कॉलर धरणारी बाई मान खाली घालून हाताला लागलेलं पीठ पुसत बसली. मला तर तिचाच राग आला.

तरी ती मांडणीवर यायला लागली, नुसती बसायला, गिऱ्हाइकांशी बोलायला. आमची बसायची घडवंची बुटकी असते, गुडघ्याएवढीसुद्धा नाही. पहिल्याच संध्याकाळी ती उठायला गेली आणि उठता येईना. एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा मागे कलंडली आणि झालरीचा घागरा सगळा वर. औषधवाला आणि एक रिक्षावाला धावले, दोघांनी काखेत हात घालून तिला उभी केली. रांगेतला एक जण हसत म्हणाला, "दोना, स्वतःची आकाराजे जरा कमी खा!" लोक हसले. त्या माणसाला मी त्यानंतर वडी विकलेली नाही आणि विकणारही नाही.

घरी जाताना तिनं माझा दंड धरला होता. म्हणाली, "कोमाद्रे, खरं सांगू? मला वाटतं मी आळशी झालेय. पलंगाची सवय लागली. सगळे म्हणतात बरी दिसतेस, डॉक्टर म्हणतात बरी आहेस, मग माझ्यातच काहीतरी खोट असणार."

आळशी! वाल्देलिस! मी रस्त्यातच उभी राहिले आणि तिला अशा शिव्या घातल्या की खिडक्या उघडल्या. आणि दुसऱ्या बुधवारी तिला धरून आरोग्य केंद्रात नेलं, कारण तिथे बुधवारी एक फिजिओथेरपिस्ट येतो, तार्सिसिओ नावाचा. चष्मेवाला, किडकिडीत, वाऱ्यानं उडेल असा. मला वाटलं, हा काय सांगणार बळाबद्दल?

तो म्हणाला, "हात छातीशी बांधा, दोना वाल्देलिस, आणि खुर्चीतून उठा."

ती उठू शकली नाही. साधी, उंच, सरकारी खुर्ची. मग त्यानं तिच्या उजव्या हातात एक मूठ दाबायचं यंत्र दिलं. तिनं दात चावून दाबलं, काटा जेमतेम हलला. हा पहिला काटा ज्यानं खरं सांगितलं. तार्सिसिओनं तिची मांडी चाचपली, दंड चाचपला, आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"हा नुसता थकवा नाही. तुमचे स्नायू गेलेत."

"जातील कुठे? वजन तर वाढलंय."

"तेच तर. औषध रक्तातून जातं, ते काही गाठीचा पत्ता विचारत जात नाही, सगळीकडे पोचतं. स्नायूतही. स्नायूच्या प्रत्येक धाग्यात बारीक बारीक चुली असतात, ज्यांच्यावर त्याची ताकद शिजते. त्या चुली मंदावतात, धागे बारीक होतात. वर तुम्हाला झोपवून ठेवलं. न वापरलेला स्नायू शरीर स्वतःच मोडून खातं. आणि खायला काय दिलं?"

"खीर," मी म्हटलं.

"म्हणजे नवा बांधायला काही मिळालंच नाही. जिथे स्नायू होता तिथे चरबी आली, पाणी आलं. काट्याला काय, तो सगळं एकाच भावात मोजतो."

वाल्देलिसनं बाही वर सारून स्वतःचा दंड बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही."

"कोण म्हणालं आळशी?"

"आणि हे मला आधी का नाही सांगितलं? केस जातील म्हणून सांगितलं, नखं काळी पडतील म्हणून सांगितलं. केसांनी मी पीठ फेटते का?"

"सांगायला हवं होतं," तार्सिसिओ म्हणाला. "औषधं चालू होती तेव्हाच, झेपेल तेवढा, थोडा थोडा व्यायाम सुरू करायला हवा होता."

तिनं टेबलावर मूठ आपटली. आवाजसुद्धा धड आला नाही. त्या फुसक्या आवाजावर ती इतकी भडकली की तिनं पुन्हा आपटली, आणि पुन्हा. मला इतका आनंद झाला की काय सांगू, आमची वाल्देलिस परत आली होती.

"परत येईल का?" तिनं विचारलं.

"बराचसा येतो. सगळ्यांचा सारखा येत नाही. कामाला लावला तर येतो, खाऊ घातलात तर येतो. पूर्वीइतका येईल असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, थांबत थांबत करायचं. थोडं काम, थोडा दम, पुन्हा काम. एका दमात करायला जाल तर पडाल."

"सांता बार्बारापर्यंत?"

तो हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. म्हणाला, "बघू."

घरी पोचल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर दोन अंडी उकडायला टाकली. मावशी पांढरीफटक पडली. "अंडं? अगं, टाके आतून उसवतील!"

"टाके काढून किती महिने झाले, मावशी! आत काय अजून शिवणकाम चाललंय?"

"हस, हस. माझी पोर पण अशीच हसली होती." आणि मावशी रडायला लागली. तिचं ते रडणं आम्हाला पाठ आहे, आणि तरी दर वेळी आम्ही गप्प होतो. त्या दिवशी वाल्देलिस गप्प झाली नाही.

"तुझी पोर खेकड्यानं नेली असेल, मावशी. मला खीर नेतेय. रोज वाटीवाटीनं नेतेय आणि तू भरवतेयस."

फार लागेल असं बोलली. बोलायला नको होतं असं मला त्या क्षणी वाटलं, आता वाटत नाही. मावशी आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. वाल्देलिसनं दोन्ही अंडी उभ्यानं खाल्ली, ओट्याला टेकून, कारण बसली असती तर उठायची पंचाईत.

त्यानंतरचे दिवस काही गोड नव्हते. आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून उठायचं, मग एक, मग नुसती खुर्ची. कसाव्याच्या पिठाची पिशवी छातीशी धरून दारापर्यंत जायचं आणि यायचं. डावा हात जपून, सावकाश, तार्सिसिओ सांगेल तेवढाच. पातेल्यात मक्याचं पातळ पीठ कालवून त्यात चमचा फिरवायचा. पीठ रोज थोडं घट्ट. घेवडा, मासे, कोंबडी, जे मिळेल ते खायचं. काही दिवस असे की तिला पलंगावरून उठवेना, आणि मग ती मलाच शिव्या द्यायची. गल्लीतल्या बाया पिशवी हिसकावायला यायच्या, तेव्हा मी दारात उभी राहायचे. "हात लावशील तर याद राख," असं मी माझ्या सख्ख्या मावसबहिणीलाही सांगितलं. मारिनाल्वाकडचा चमचा मात्र आम्ही वापरत नव्हतो, तो मांडणीवर असायचा. वाल्देलिस जुन्या झाडूचा दांडा तासून त्यावर सराव करायची.

मारिनाल्वा एका दुपारी अंगणात आली. झाडूचा दांडा बघितला. म्हणाली, "वाल, मी दुकान सोडलं तुझ्यासाठी. आता माझा हात बसलाय. लोक नाव घेतात. आणि तू म्हणणार, दे परत. मी कुठे जाऊ?"

"मी मेले असते तर विचारलं असतंस का, कुठे जाऊ म्हणून?"

"तू मेली असतीस तर मी रडले असते. जिवंत आहेस म्हणून भांडतेय."

मारिनाल्वाचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ते सगळं इतकं वाईट होतं. शेवटी तीच म्हणाली, "सांता बार्बाराला सगळ्यांसमोर फेट. पीठ पाण्यात तरंगलं तर चमचा तुझा. बुडालं तर माझ्या मांडीवर ठेवायचा, आणि रडायचं नाही."

"रडेन माझी मी," वाल्देलिस म्हणाली. "पण ठेवीन."

सांता बार्बाराच्या सकाळी चौक लाल-पांढरा झाला होता. फटाके, ढोल, देवळातून निघालेली मिरवणूक. वाल्देलिस लाल घागरा घालून घडवंचीवर बसली, पुढ्यात पिठाचं भांडं, शेजारी पाण्याचा पेला. पिठाचा गोळा पाण्यात टाकायचा. तरंगला तर पीठ झालं. मारिनाल्वा कढईपाशी, मावशी समोर काठी टेकून. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या कामाला म्हणून आलेल्या, म्हणजे बघायला आलेल्या.

तिनं सुरुवात केली. सुरुवात चांगली होती, जुन्या हाताची आठवण यावी अशी. मग खांदा वर यायला लागला, मान ताणली, घाम डोळ्यांत उतरला. मी नखं तळव्यात रुतवून उभी होते. आणि भर मध्यावर तिनं चमचा भांड्याच्या काठाला टेकवला, हात मांडीवर ठेवला, आणि थांबली.

गर्दीतून 'हाय!' असा आवाज उठला. आमच्या कोपऱ्यावर असं कोणी कधी केलं नव्हतं. मावशी ओरडली, "थांबलीस? अगं, पीठ झोपलं!"

"झोपू दे. मला इतके महिने झोपवलंत, मी उठलेच ना?"

दम घेतला. पुन्हा फेटलं. गोळा पेल्यात टाकला. तो सरळ तळाशी गेला. मारिनाल्वानं हात पुसले आणि एक पाऊल पुढे आली. वाल्देलिसनं तिच्याकडे न बघता पुन्हा चमचा उचलला. पुन्हा थांबली, पुन्हा उचलला. लोक चुळबुळत होते, एक-दोघं दुसऱ्या मांडणीकडे निघून गेले. जाऊ देत. तिनं चौकाला ताटकळत ठेवलं आणि मला ते फार आवडलं. एवढे दिवस ती ताटकळत होती तेव्हा कोणाला घाई नव्हती.

शेवटी तिनं दुसरा गोळा टाकला, तोही तळाला जाऊन टेकला. मारिनाल्वाचा हात पुढे झाला. मग तो गोळा तळाचा सुटला, हलला, आणि रेंगाळत रेंगाळत वर आला. मारिनाल्वानं पेल्यात वाकून बघितलं, ओठ मिटले, आणि कढईतलं तेल बघायला वळली. ती आजही मांडणीवर तळते, आणि वाल्देलिसशी कामापुरतंच बोलते. तिचंही बरोबर आहे.

पहिले छोटे वडे देवीचे झाले. मग मावशीला दिला. तिनं चावा घेतला, सगळ्यांच्या समोर नीट चावला, कारण तिला खोटं बोलता येत नाही, आणि म्हणाली, "जरासा जड झालाय."



"झालाय," वाल्देलिस म्हणाली. "मी जड झाले तेव्हा काय म्हणत होतीस? छान दिसतेस म्हणत होतीस. सगळ्या म्हणत होतात. आज याला पण म्हणा छान."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग हातातला वडा खायला लागली. घाईघाईनं नाही, नीट, शेवटच्या तुकड्यापर्यंत, बोटाचं तेल घागऱ्याला पुसलं. मग मांडणीवरून एक गरम आकाराजे उचललं, मधे चिरलं, आणि सुक्या कोळंबीच्या वाडग्यात हात घातला. तिनं कोळंबी भरली आणि वडा वाल्देलिससमोर धरला, पण मांडणीच्या पलीकडून, उंचावर. घ्यायचा तर उठायला हवं होतं.

मी हात द्यायला पुढे झाले. वाल्देलिसनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो हात पाठीमागे नेला. ती पुढे झुकली, पाय घट्ट रोवले, आणि त्या बुटक्या घडवंचीवरून कशालाही न धरता उठली. मावशीच्या हातातला वडा निरखून बघितला.

"अजून घाल," ती म्हणाली. "कोळंबी अजून घाल, मावशी."